मुलींचे मैदान कोठे आहे?

नेसरीचे नाव निघाले की २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघ्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडलेले सेनापती प्रतापराव गुजर डोळ्यांपुढे उभे राहतात. शौर्याचा हा वारसा सांगणाऱ्या मुलुखात मुलग्यांसाठी तालीम आहे, मैदान आहे, तरुण मंडळ आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचे विश्व मात्र बहुधा घर आणि शाळा एवढ्यातच आटोपते. म्हणूनच तिला कोणत्या पथकात घालावे, हा पालकांचा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

मार्ग नाहीत असे नाही. १९५० साली स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाईड्स संस्थेत लहान मुलींसाठी बुलबुल आणि त्यानंतर गाईड, म्हणजे वीरबाला, अशी पथके असतात. १९४१ पासूनच्या राष्ट्र सेवा दलात मुले-मुली एकत्र येतात. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ साली वर्ध्यात स्थापलेली राष्ट्र सेविका समिती केवळ स्त्रियांची आहे. प्रत्येकीची वैचारिक बैठक निराळी. ती समजून घेऊनच निवड करावी.

परंतु खरी कसोटी नावाची नव्हे, कामाची आहे. गणवेश केवळ स्वातंत्र्यदिनाच्या संचलनापुरताच पेटीबाहेर निघतो काय? पथकाची धुरा प्रशिक्षित शिक्षिकेकडे आहे काय? शिबिराच्या रात्री मुलींसोबत कोण राहणार, हे पालकांना आधी कळते काय? तंबू उभारणे, नकाशा वाचणे, प्रथमोपचार करणे, तुकडीचे नेतृत्व करणे हे मुली स्वतः करतात, की पाहुण्यांना ओवाळणे आणि स्वागतगीत म्हणणे एवढेच त्यांच्या वाट्याला येते? तसे असेल, तर ते गणवेशातले घरकामच होय.

‘अभ्यास बुडेल, लोक काय म्हणतील’ ही धास्ती समजण्याजोगी आहे. पण १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील बालवीरांच्या मेळाव्यात मुली निमंत्रणावाचून शिरल्या, तेव्हाही लोकांनी नाके मुरडलीच होती. तरीही पुढच्याच वर्षी गाईड चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

गावात पथक नसेल, तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे ते मागावे. शाळेनेही उत्साही शिक्षिकेला त्यासाठी तासिका मोकळ्या करून द्याव्यात. संकटात काय करावे हे मुलीला कोणी ऐनवेळी शिकवू शकत नाही. ते बालपणीच अंगी बाणवावे लागते.