विश्लेषण : छोट्या कारमधील आवाज कशाने सुधारतो… स्पीकरने की दाराने?

छोट्या कारचे सर्वांत स्वस्त मॉडेल घ्यायचे आणि वाचलेल्या पैशांत बाहेरून स्टिरिओ-स्पीकर बसवायचे, हा मध्यमवर्गीय हिशेब जुना आहे आणि चुकीचाही नाही. केवळ गाण्यांसाठी वरचे मॉडेल घेण्यापेक्षा तो शहाणपणाचाच. मात्र पुण्यातील नाना पेठ असो की मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दुकानात पाऊल टाकले की हिशेब बिघडू लागतो. ग्राहक खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहून पैसे मोजतो. आवाज ठरतो दाराच्या पत्र्यात आणि गाडीची सुरक्षितता ठरते वायरच्या जोडात. या दोन्हींविषयी दुकानात क्वचितच कोणी बोलते.

खोक्यावरचे ३०० वॅट जातात कुठे?

स्पीकर स्वतः वीज तयार करत नाही. स्टिरिओ देईल तेवढीच तो वापरतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा क्षणभराच्या कमाल क्षमतेचा असतो. पाहायचा तो बारीक अक्षरांतला ‘आरएमएस’, म्हणजे सतत पेलण्याचा आकडा. स्टिरिओवरच्या ‘५० वॅट गुणिले चार’ची कथा वेगळी नाही. इंजिन सुरू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात आणि बहुतेक स्पीकर ४ ओमचे असतात. एवढ्यावर वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरशिवाय एका स्पीकरला जेमतेम २५ वॅट स्वच्छ ताकद मिळू शकते, तीही कागदावर. प्रत्यक्षात १५ ते २० वॅट धरावेत. त्यामुळे फक्त स्टिरिओवर चालवायचे असेल तर वॅट सोडून ‘सेन्सिटिव्हिटी’ विचारावी. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत देतो.

दाराचा पत्रा एवढा महत्त्वाचा का?

घरातल्या स्पीकरला लाकडी पेटी असते. कारमध्ये ती पेटी म्हणजे दार. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागची हवा उलट दिशेने हलते. पुढची आणि मागची लहर एकमेकींत मिसळली की बेस जवळपास संपतो. छोट्या कारच्या दारात डोअर पॅडमागच्या पत्र्याला मोठाली भोके असतात आणि त्यांवर अनेकदा फक्त पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मग महागडा स्पीकरही तिथे पोकळ वाजतो. आवाज थोडा वाढवला की पत्रा, लॉकची दांडी आणि पॅडच्या क्लिपा खडखडू लागतात. ‘स्पीकर फाटला’ म्हणून होणाऱ्या अनेक तक्रारी खरे तर या खडखडीच्या असतात.

उपाय साधा आहे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने दाबून लावायची, आतल्या पत्र्याची भोके बंद करायची आणि स्पीकर लुळ्या प्लास्टिकवर न ठेवता घट्ट रिंगवर कसायचा. बजेट मर्यादित असेल तर मागच्या दारांचे स्पीकर सरळ रद्द करावेत आणि ते पैसे पुढच्या दोन दारांच्या डॅम्पिंगवर घालावेत. डॅम्पिंग केलेल्या दारातला मध्यम किमतीचा स्पीकर उघड्या दारातल्या दुप्पट महाग स्पीकरपेक्षा चांगला वाजतो. दुकानदार हे सांगत नाही, कारण खोके विकणे पाच मिनिटांचे काम आहे आणि दार उघडून शीट लावण्यात अर्धा दिवस जातो.

हे काम घाईत उरकले तर पावसाळ्यात किंमत मोजावी लागते. काचेवरचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतच असते. प्लास्टिकचा कागद फाडून तसाच सोडला तर ते पॅडमध्ये आणि पायाखालच्या मॅटवर येते. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके शीटने बुजली तर पत्रा आतून गंजतो. मोठ्या चुंबकाचा स्पीकर खाली येणाऱ्या काचेला अडतो, म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी काचा पूर्ण खाली-वर करून पाहाव्यात. एका स्पीकरच्या वायरची अदलाबदल झाली तरी बेस गायब होतो. दुकानातच एकेक बाजू वाजवून ऐकावी.

मागच्या ट्रेवरचे ओव्हल स्पीकर चालतील का?

हॅचबॅकमध्ये नकोच. तिथला ट्रे उचलून काढता येणारा हलका बोर्ड असतो. त्यावर जड ओव्हल स्पीकर बसवले आणि समोरून धडक बसली, तर ते मागे बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या दिशेने सुटू शकतात.

वायर कापली तर काय बिघडते?

बहुतेक छोट्या गाड्यांसाठी मूळ वायरिंगला जुळणारे कपलर तयार मिळतात आणि त्यांचा खर्च एकूण बिलात किरकोळ असतो. तरीही वायर कापून, पिळून, टेप मारून जोड देण्याची सवय सुटत नाही. उन्हात टेपचा गोंद सुटतो, दार उघड-बंद करताना जोड हलतो आणि शॉर्टसर्किटचा धोका तयार होतो. त्यानंतर विजेची काहीही तक्रार आली की सर्व्हिस सेंटर कापलेल्या वायरकडे बोट दाखवते आणि वॉरंटीचा वाद सुरू होतो.

अ‍ॅम्प्लिफायर असेल तर फ्यूज त्याच्याजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत. मधली वायर कुठे पत्र्याला घासली तर वाचवणारा तोच. स्वस्त किटमधील वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची असते. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या वायरपेक्षा जास्त तापते. आणखी एक नवी अडचण म्हणजे एअरबॅग. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टसारख्या गाडीत सर्व मॉडेलांना सहा एअरबॅग आहेत. पडद्यासारख्या उघडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग छताच्या कडेला असतात आणि तिथूनच पुढच्या खांबात ट्वीटरसाठी भोक पाडण्याची, वायर ओढण्याची पद्धत आहे. अशा गाडीत ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यातच ठेवावा.

कंपनीने न बसवलेले हे सामान विमा पॉलिसीत वेगळे नोंदवून जादा हप्ता भरावा लागतो. अन्यथा चोरी किंवा अपघातानंतर त्याच्या भरपाईची आशा धरू नये. सामानाची किंमत दाखवण्यासाठी पक्के बिल लागते. आणि ‘बिल नको असेल तर आणखी कमी करून देतो’ हे वाक्य नेमके याच काउंटरवर ऐकू येते.