किंमत एकदाच सांगा

दसरा-पाडव्याला निलंग्याहून लातूरकडे जाणाऱ्या गाड्यांत एखादे तरी कुटुंब असे असते, ज्यांच्या पिशवीत नारळ, हार आणि पेढ्यांचा पुडा असतो. नवी गाडी आणायला निघालेले. सोयाबीनचे काही पैसे हातात आलेले, बाकीचे बँकेचे कर्ज. घरातल्या कर्त्या माणसाने महिनाभर आधी शोरूमला खेटे घालून भाव विचारलेला, बुकिंगचे पैसे भरलेले. आणि त्या दिवशी टेबलावर शेवटचा हिशेब येतो, तेव्हा त्यात एक ओळ वाढलेली असते : हँडलिंग चार्जेस. कुठे तिला लॉजिस्टिक म्हणतात, कुठे नुसता ‘आरटीओचा वरखर्च’. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘मालक, सगळेच देतेत.’ मुहूर्त टळत आलेला असतो, लेकरे गाडीच्या काचेवर हात फिरवत असतात. पैसे दिले जातात. बहुतेक वेळा त्यांची वेगळी पावतीही मिळत नाही.

ही वसुली थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोटार वाहन कायद्यात किंवा केंद्रीय मोटार वाहन नियमांत हँडलिंग चार्जेस नावाचे कोणतेही शुल्क नाही. कारखान्यातून गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च, डीलरचे कमिशन आणि जीएसटी हे सगळे एक्स-शोरूम किमतीत धरलेलेच असते. त्यावर जे द्यायचे ते सरकारला आणि विमा कंपनीला. खासगी मोटारीचे नोंदणी शुल्क 600 रुपये आहे. गाडी कर्जावर असेल, तर आरसी बुकावर बँकेचा बोजा चढवण्याचे 1,500. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात 11 टक्के एकरकमी कर. यातला प्रत्येक रुपया ‘वाहन’ पोर्टलवर भरला जातो आणि त्याची सरकारी पावती निघते. कोटेशनमधला ‘आरटीओ’चा आकडा आणि या पावतीवरचा आकडा शेजारी ठेवून पाहा. फरक किती, तो कुणाच्या खिशात गेला, हे तिथेच कळते.

पूर्वी या वरखर्चाला एक सबब होती. गाडी पासिंगसाठी लातूरच्या आरटीओत न्यायची, रांगेत उभी करायची, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा कागदावर चिकटवायचा, एजंटाच्या मागे हिंडायचे. त्या खेपांचे पैसे लागतात, असे सांगितले जाई आणि लोकांना ते पटेही. पण 2019 मध्ये मोटार वाहन कायदा बदलला. डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात नोंदवायच्या नव्या गाडीचा अर्ज करणे ही आता डीलरचीच कायदेशीर जबाबदारी आहे आणि अधिकृत डीलरने विकलेली तयार गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत नेऊन दाखवण्याची गरज उरलेली नाही. काम शोरूममधल्या संगणकावर होते. खेपा संपल्या, रांग संपली, एजंट संपला. वसुली मात्र राहिली. कायद्याने डीलरवर टाकलेल्या कामाचे पैसे ग्राहकाने का द्यावेत?

विम्याचे दुखणे याहून मोठे आहे. सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो योग्यच आहे. पण तो शोरूमच्याच टेबलावरून घ्यावा, अशी सक्ती कुठेही नाही. विमा नियामकाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डीलरला ग्राहकावर अमुकच पॉलिसी लादता येत नाही. तरीही ‘बाहेरचा विमा आणला तर डिलिव्हरीला उशीर होईल’ हे वाक्य ऐकवले जाते. तीच गत मॅट, सीट कव्हर आणि कोटिंगच्या ‘किट’ची. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे याला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 निर्बंधात्मक व्यापार पद्धत म्हणतो. दुचाकी घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : विक्रीच्या वेळी हेल्मेट पुरवण्याची जबाबदारी केंद्रीय नियमांनी उत्पादकावर टाकलेली आहे. किती जणांना ते मागावे लागते आणि किती जणांना विकत घ्यावे लागते, हे प्रत्येक घराने आठवून पाहावे.

डीलरांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचे कमिशन फार नसते, कंपन्या विक्रीचे टार्गेट लादतात, न खपलेल्या गाड्या अंगावर पडतात, त्यांच्यावर व्याज चढते. हे खरे आहे. पण तो वाद त्यांचा आणि कंपनीचा आहे. तो निलंग्याच्या शेतकऱ्याच्या कोटेशनमध्ये मिटवण्याचे कारण नाही. आणि जी कंपनी आपल्या जाहिरातीत एक किंमत छापते, तिच्या नावाच्या पाटीखाली दुसरी किंमत घेतली जाते, तेव्हा तिलाही हात झटकता येणार नाहीत.

समजा, हँडलिंगची ही रक्कम आठ हजार आहे. शहरातल्या नोकरदाराला ती कदाचित टोचणार नाही. शेतकऱ्याचे तसे नाही. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावाने आठ हजार म्हणजे दीड क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. 

याच मराठवाड्याने वेगळे चित्रही पाहिले आहे. ऑक्टोबर 2010 मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. एकजुटीमुळे कंपनीने सवलत दिली, बँकेने व्याज कमी केले. ज्यांना परवडत होते, त्यांना गाडी स्वस्त मिळाली. एकटा-दुकटा येणारा साधा माणूस मात्र छापील किमतीच्या वर पैसे मोजतो. आम्हांला हे सलते. कर्नाटकची हद्द जवळ आहे म्हणून तिकडून गाडी आणावी, तर तात्पुरत्या नोंदणीवर आणून इथल्या पासिंगच्या खेपा स्वतःच घालाव्या लागतात. म्हणजे तोही मार्ग सोपा नाही.

अमेरिकेतही हेच दुखणे आहे. तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये गाडीची पूर्ण किंमत आधीच सांगण्याचा नियम आणला, पण डीलर संघटना न्यायालयात गेल्या आणि जानेवारी 2025 मध्ये तो कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द झाला. आपल्याकडे तर नवा नियम करण्याचीही वाट पाहायला नको. हॉटेलांच्या बिलात सेवा शुल्क परस्पर लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जेवणाच्या बिलाला जो न्याय, तो गाडीच्या बिलाला का नको?

ग्राहकाने 1915 या हेल्पलाइनवर तक्रार करावी, लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे, हे आम्ही सांगूच. दहा लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे 200 रुपयांपेक्षा जास्त फी नाही, वकीलही लागत नाही. पण आठ हजारांसाठी रोजगार बुडवून तारखांना कोण जाणार? म्हणून पहिले पाऊल प्रशासनाने उचलावे. ज्या गोष्टीने अनेक ग्राहकांचे हक्क एकदम डावलले जातात, तिची चौकशी करण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 16 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. डीलरचे ट्रेड सर्टिफिकेट आरटीओ देते आणि नियम मोडल्यास ते निलंबितही करू शकते. लातूर आणि नांदेडच्या आरटीओंनी येत्या सणाआधी प्रत्येक शोरूममध्ये, ग्राहक बसतो त्या टेबलाजवळ, मराठीत एक फलक लावायला लावावा : नोंदणी शुल्क इतके, कर इतका, विमा कुठूनही घेता येईल, याखेरीज एक रुपयाही देऊ नये. आणि खाली तक्रारीचा फोन नंबर, जो कुणीतरी उचलेल.