तीनशे शब्दांत न मावणारा प्रश्न

१९ मे २०२४ रोजी, रात्रीच्या उत्तरप्रहरी, पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने एका मोटारसायकलीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते प्राणास मुकले. परदेशी बनावटीची ती मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि तिची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला. अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, ही जामिनाच्या अटींपैकी एक अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि पालकांनाही अटक झाली. महाराष्ट्रभर जो संताप उसळला, तो रास्तच होता. परंतु संताप म्हणजे कार्यक्रम नव्हे. त्या संतापातून ज्या मागण्या पुढे आल्या, त्या समाजवादी दृष्टीने तपासून घेणे अगत्याचे आहे.

पहिली मागणी अशी की, अशा मुलांना सरसकट प्रौढ समजून शिक्षा द्यावी. बालन्यायाचा कायदा मुळात दुर्बळांच्या मुलांसाठी ढाल म्हणून आहे. एका धनिकाच्या मुलाने त्या ढालीचा आडोसा घेतला म्हणून ढालच मोडून टाकली, तर उघडे पडतील ते झोपडपट्टीतले आणि पारधी वस्तीवरचे पोर. त्यांच्यामागे वकिलांची फौज उभी राहत नाही. पैशाने न्याय वाकतो, हा दोष आहे. न्यायाने कोवळ्या वयाची कदर करावी, हा दोष नव्हे. या दोहोंची गल्लत करणे श्रीमंतांच्या गुन्ह्याची किंमत गरिबांकडून वसूल करण्यासारखे आहे.

दुसरी मागणी पालकांना जबर शिक्षेची. ती तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनेच झालेली आहे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, असे हे कलम आहे. त्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. तथापि शिक्षा अपघातानंतर येते. शिक्षण अपघाताच्या आधी यावे लागते. आणि हे शिक्षण देण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आजच्या व्यवस्थेत धड उत्तर नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ९,५२८ जण अठरा वर्षांखालचे होते. हेल्मेट नसल्याने मेलेल्या दुचाकीस्वारांची संख्या ५० हजारांवर गेली. एकूण मृतांमध्ये शंभरातले सुमारे चौसष्ट जण दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते. म्हणजे रस्त्यावर मरतो तो बहुतांशी सामान्य माणूस. रस्त्याचा प्रश्न हा वर्गाचाही प्रश्न आहे, याला याहून वेगळा पुरावा नको.

गाडी हाती घेणारी सगळीच मुले लाडावलेली असतात, ही शहरी समजूत आहे. खेड्यातला अकरावीचा विद्यार्थी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जातो, तेव्हा वेळेची एसटी नसेल तर थोरल्या भावाची मोटारसायकल काढतो आणि मागे दोघा मित्रांना बसवितो. ऊसतोडीच्या हंगामात अंधारात, मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते. ती दिसेपर्यंत ब्रेक दाबायला वेळ उरलेला नसतो. या मुलाला परवाना नसतो, हेल्मेट नसते, आणि आपल्या दिव्याचा प्रकाश पोहोचतो त्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग रात्री ठेवावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. धनिकाचा मुलगा मस्तीने गाडी चालवितो, शेतमजुराचा मुलगा गरजेने. शिक्षणावाचून मात्र दोघेही सारखेच राहिले आहेत.

कायदाही वास्तवापासून दूर गेला आहे. सोळाव्या वर्षी चालविता येते ती केवळ ५० सीसीपर्यंतची दुचाकी. ही तरतूद मोपेडच्या जमान्यात शोभत होती; आज खपणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. उलट ताशी २५ किलोमीटरच्या आतली, अल्पशक्तीची विजेची दुचाकी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. तिला परवाना लागत नाही. अठरा पूर्ण होताच शिकाऊ परवाना आणि तीस दिवसांनी पक्का परवाना मिळू शकतो. काल शिकाऊ असलेला मुलगा आज मध्यरात्री चार मित्रांना घेऊन महामार्गावर जाण्यास मोकळा होतो. न्यूझीलंडने १९८७ सालीच टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. तेथे मधल्या टप्प्यात नवशिक्याला रात्री दहानंतर एकट्याने गाडी नेता येत नाही आणि अनुभवी चालक शेजारी असल्याखेरीज एरवी सोबती बसविता येत नाहीत. आपल्याकडे २०२१ पासून मान्यताप्राप्त केंद्रात २९ तासांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला सरकारी चाचणी माफ आहे. ही केंद्रे खासगी संस्थाही चालवू शकतात. शिकविणाराच उत्तीर्ण करणार आणि शुल्कही तोच घेणार, अशा व्यवस्थेत परवाना विकाऊ माल होण्याचा धोका उघड आहे. ज्याच्यापाशी शुल्क नाही, तो मित्राच्या मागे बसून शिकेल, नाहीतर दलालाच्या दारात उभा राहील.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. वाहन चालविण्याचे शिक्षण हे सार्वजनिक शिक्षण आहे आणि ते विनाशुल्क मिळाले पाहिजे. नववीच्या विज्ञानात गतीचे नियम शिकवितात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते, हे त्याच तासाला फळ्यावर मांडता येईल. कनिष्ठ महाविद्यालये आणि आयटीआयमध्ये प्रत्यक्ष प्रशिक्षण व्हावे. त्यासाठी एसटीच्या निवृत्त चालकांना मानधनावर बोलवावे. लक्षावधी प्रवाशांना सुखरूप पोहोचविणाऱ्या या कामगारांइतका अधिकारी शिक्षक दुसरा कोठे मिळणार? परवाना टप्प्यांनी द्यावा आणि चाचणी सरकारने स्वतः घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महाविद्यालयाच्या वेळेला एसटी असावी. वेळेवर येणारी बस सोळा वर्षांच्या मुलाचे जितके रक्षण करते, तितके कोणतेही दंडाचे कलम करू शकत नाही.

कार्यकर्त्यांना यात आजच करण्याजोगे काम आहे. आपल्या तालुक्यातील किती विद्यार्थी बसअभावी दुचाकीने येतात याची गावनिहाय पाहणी करावी आणि ती घेऊन आगारप्रमुखांकडे शिष्टमंडळ न्यावे. साखर कारखान्यांकडे ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याचा आग्रह धरावा. शाळांच्या पालकसभांत हा विषय मांडावा. निवडणुका आल्या की सर्वच पक्षांच्या मोटारसायकल फेऱ्या निघतात. मिसरूडही न फुटलेली मुले झेंडे घेऊन, उघड्या डोक्यांनी, एकेका गाडीवर तिघे तिघे बसून त्यांत धावतात. समाजवादी पक्षाच्या फेरीत असे एकही पोर दिसता कामा नये. रस्ता सर्वांच्या मालकीचा आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्यावर इतरांच्या जिवाची बूज राखून वागण्याचा धडा आपल्या फेरीपासून द्यावा.