विज्ञान दिनाला प्रश्न कोणी विचारायचे?

फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा जवळ आला, की विद्यापीठांच्या सूचनाफलकांवर दोन कार्यक्रमपत्रिका शेजारी शेजारी झळकू लागतात. एक २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची, दुसरी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाची. पहिली अर्थातच मराठीत असते, दुसरी बहुधा इंग्रजीत. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध १९२८ साली याच तारखेला जाहीर केला आणि १९८७ पासून देशभर हा दिवस विज्ञान दिन म्हणून पाळला जाऊ लागला. अलीकडे या कार्यक्रमांच्या शीर्षकात ‘समाज’ हा शब्द आवर्जून घातला जातो. प्रत्यक्षात सभागृहात समाज येतो तो श्रोता म्हणूनच. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा लांबलचक परिचय, व्याख्यान, आभार आणि वेळ उरलाच तर दोन प्रश्न!

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाबरोबरच शोधकबुद्धीचाही उल्लेख आहे. व्याख्याने ऐकून माहिती वाढते. शोधकबुद्धीला मात्र प्रश्न विचारण्याची सवय आणि मुभा दोन्ही लागतात. ही मुभा कशी द्यावी, याचा धडा पुण्यातच घालून दिला गेला आहे. स्वाक्षरीसाठी गराडा घालणाऱ्या मुलांना डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल, असे ते सांगत. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांनी उभारलेली ‘आयुका’ पुणे विद्यापीठाच्या आवारातच आहे आणि विज्ञान दिनी आपले दरवाजे सामान्यांसाठी उघडण्याची तिची प्रथा आहे. खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या परिसरातही या सुमारास शाळकरी मुलांचे प्रयोग मांडले जातात. तिथे मूल बोलते आणि शास्त्रज्ञ ऐकतो, हे महत्त्वाचे.

पण मुलांचे कुतूहल शमविणे तुलनेने सोपे. मोठ्यांच्या प्रश्नांत श्रद्धा, पैसा आणि राजकारण गुंतलेले असते, आणि विद्यापीठे कचरतात ती नेमकी तिथे. विद्यापीठांतून ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ साली घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. वाद तिथेच विरला असता. परंतु २००८ मध्ये नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषांनाच जाहीर आवाहन केले. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या कुंडल्यांतून प्रत्येकाला चाळीस दिल्या. कोणती कुणाची, एवढेच सांगायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही याहून थोडे अधिक यश मिळावे! निष्कर्षाइतकीच त्यामागची रीत मोलाची होती. कुणाची टवाळी नाही, उपदेश नाही. लोकांच्या मनातला प्रश्न लोकांदेखत तपासण्यात आला.

आज याच रीतीची सर्वाधिक निकड आहे ती सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटासंबंधीचा अहवाल २०११ मध्ये केंद्राला दिला. तो लोकांपुढे यायला २०१२ उजाडले, तेही न्यायालयाची पायरी चढावी लागल्यानंतर. त्यातील शिफारशींवर ग्रामसभांनी विचार करावा, अशी समितीची भूमिका होती. पण गावकऱ्यांच्या कानी आधी पोहोचल्या त्या अफवा. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना काढली. तीत महाराष्ट्राचे १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र दाखविलेले आहे. आपले गाव त्यात का, घर बांधता येईल काय, दरड नेमकी कशामुळे कोसळते, हे प्रश्न विज्ञानाचे आहेत आणि पोटापाण्याचेही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात भूशास्त्राचा अभ्यासक, खाणपट्ट्यातला सरपंच आणि वनखात्याचा अधिकारी एका व्यासपीठावर बसून मराठीत बोलले, तर तो विज्ञान दिन नावाला जागेल. तापेल जरा सभागृह, तापू द्यावे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचे सोहळे विद्यापीठांनी उत्साहाने केले. आता २७ तारखेच्या कार्यक्रमात एखाद्या भूजलतज्ज्ञाला मराठीतून बोलावयास आणि २८ तारखेच्या पत्रिकेत प्रश्नोत्तरांसाठी निदान तासभर राखावयास कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. पत्रिका अजून छापखान्यात जायच्या आहेत.