कलप घरी की दुकानात?

कलप हा शब्द हल्ली कानांवर फारसा पडत नाही. दुकानदार ‘डाय’ म्हणतो, पार्लरमधली मुलगी ‘कलर’ म्हणते, आणि ज्याने तो लावलेला असतो तो काहीच म्हणत नाही. मला आपला कलपच बरा वाटतो. ज्या वाचकांच्या डोक्यावर अद्याप एकही पांढरा केस नाही त्यांनी हा लेख येथेच सोडून दिला तरी चालेल. मात्र कात्रण जपून ठेवावे.

आमच्या पांढुर्ण्यात संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या निवृत्त मंडळींत या विषयावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो, पुडी आणावी, न्हाणीघरात आरशासमोर उभे राहून लावावी, त्यात दुसऱ्याला पैसे कशाला मोजायचे? दुसरा म्हणतो, घरी लावलेला कलप केसांपेक्षा कानांना आणि टॉवेलालाच अधिक लागतो. मी बारा वर्षे पहिल्या तटात होतो. नंतर हात थरथरू लागला, मानेमागचे केस ठिपक्याठिपक्यांचे दिसू लागले, आणि मी दुकानात जाऊ लागलो. आज मी कोणत्याच तटात नाही. त्याचे कारण सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका तीरावरून पांढुर्णा तर दुसऱ्या तीरावरून सावरगाव एकमेकांवर गोट्यांचा मारा करतात. डोकी फुटतात, माणसे मेलीही आहेत. प्रशासनाने मनाई करून पाहिली, चेंडू देऊन पाहिले, लोक ऐकत नाहीत. त्या प्रथेविषयी मला काय वाटते ते पुन्हा केव्हातरी. पण त्या निमित्ताने लेकी-जावई, सोयरेधायरे गावात येतात, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी केशकर्तनालयात बसायला जागा नसते. दोन वर्षांपूर्वी अशाच गर्दीत मी खुर्चीवर बसलो. कारागिराने वाटीत काहीतरी कालवले. काय कालवले ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. अर्ध्या तासाने मी दहा वर्षांनी तरुण होऊन घरी आलो.

पोळ्याच्या रात्री कपाळ खाजू लागले. सकाळी पाहतो तो पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. सौभाग्यवतींनी हात धरून दवाखान्याकडे नेले. वाटेत तिघांनी तरी थांबवून विचारले, ‘‘काय जी मास्तर, सावरगाववाल्यांचा गोटा लागला का?’’ गोटमारीच्या दिवशी कलपाने घायाळ झालेला मी बहुधा पहिलाच.

डॉक्टरांनी एकच प्रश्न केला : कोणता कलप होता? मला सांगता आले नाही. घरी पुडीवर नाव तरी असते. दुकानात आपण डोळे मिटून बसतो, आणि वाटीला नाव नसते.

पुढे या द्रव्याची माहिती मी खटपट करून मिळवली. काळ्या कलपात बहुधा एक पदार्थ असतो, त्याचे नाव पॅरा-फेनिलिनडायअमिन. नावाला भिऊ नये. काम साधे आहे. याचे कण अतिशय बारीक असतात. ते केसाच्या आत शिरतात, पेरॉक्साइडशी गाठ पडली की एकमेकांना जोडून मोठे व काळे होतात, आणि मग आलेल्या वाटेने त्यांना बाहेर पडता येत नाही; म्हणून धुतल्याने रंग जात नाही. पॅरिसच्या युजीन श्युलर नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली असा कृत्रिम कलप तयार करून तिथल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. लॉरिआल ही कंपनी त्यातूनच उभी राहिली. म्हणजे हा माल आरंभी दुकानाचाच होता. घराच्या न्हाणीत तो नंतर आला. आज पुडीत आणि दुकानातल्या नळीत फरक असतो तो प्रमाणाचा व वासाचा. मूळ औषध पुष्कळदा एकच. ज्याला ते सोसत नाही त्याला दोन्ही सोसत नाहीत. आणि आज सोसले म्हणून उद्या सोसेलच असेही नाही. बारा वर्षे लावलेल्याला तेराव्या वर्षी उठू शकते. एकदा उठले की ते अंगाने लक्षात ठेवले असे समजावे.

म्हणून मी कारागिराला दोष देत नाही. कलप लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडासा लावून 48 तास वाट पाहावी, असा नियम आहे. सणाच्या आदल्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला ‘‘परवा या’’ म्हणणारा न्हावी दुकान कसे चालवील? आणि म्हटलेच, तर आपण शेजारच्या दुकानात जाऊ.

पण घरी तरी ही चाचणी कोण करते? सौसरला माझी थोरली बहीण असते. ती गेली कित्येक वर्षे दार लावून एकटीच काळी मेंदी लावते. गल्लीत दोन पार्लरे आहेत, दोन्ही ओळखीच्यांच्या पुढच्या खोलीत. पण ती जात नाही. पैशांचा प्रश्न नाही. भाऊजी गेल्यावर बाईने केस काळे कशासाठी करायचे, असे विचारणारी तोंडे अजून आहेत. समोर विचारत नाहीत एवढेच. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, भांगात पांढरी रेघ उमटते, आणि ती रेघ कुणाला दिसण्याआधी बाईचे दार लागते. दाराआड चक्कर आली, डोळ्यात गेले, तर हाक कुणाला मारायची? घर की दुकान या वादात ही गोष्ट आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींनी कधी काढली नाही. आम्हा पुरुषांना न्हाव्याकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही.

शिवाय तिची समजूत अशी, की आपण पाला लावतो. मेंदीच्या पाल्याने केस नारिंगी-तांबूस होतात. नुसत्या मेंदीने काळे होत नाहीत. नीळ लावली तर गडद होतात. पण ज्या मेंदीने एका बैठकीत कोळशासारखे केस होतात तिच्यात बहुधा तेच लांब नावाचे औषध मिसळलेले असते. मी तिला पुडी उलटी करून वाचायला सांगितली. आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे अशा कलपावर सूचना छापावीच लागते : कातडीला अपाय होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया व पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. ही सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषांत असावी असे नियम म्हणतो. आता सौसरची स्थानिक भाषा कोणती? 1956 च्या राज्यरचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. कचेरीत हिंदी, चुलीपाशी मराठी. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौसरही आले, तरी त्या पुडीवर बहिणीला मराठीची एक ओळ सापडली नाही. हिंदी तिला येते. पण अक्षर मुंगीएवढे, आणि न्हाणीत चष्मा कोण नेतो?

माझा कौल घराला आहे, पण एकटेपणाला नाही. ज्यांना दुकानच आवडते त्यांनी आपली पुडी आपण न्यावी आणि दोन दिवस आधी कोपराला ठिपका लावून घ्यावा. नागपूरसारख्या शहरात हे जमणे कठीण. आमच्या गावात माणूस भाजीला जाताना त्याच दुकानावरून दिवसातून तीनदा जातो, त्याला काय अडचण? गुरुवारी ठिपका, शनिवारी कलप.

मला स्वतःला आता कलप वर्ज्य आहे. डोके कापसाच्या बोंडासारखे झाले आहे आणि फिरायला जाणारी मंडळी मला थोडे अधिक मानाने वागवतात. बहिणीने मात्र कोपराला ठिपका लावून दोन दिवस वाट पाहिली; तिला काही झाले नाही. त्यानंतर दर दीड महिन्याने आमच्या घरून सौसरची बस धरली जाते. नणंद-भावजय हातमोजे घालून न्हाणीत बसतात, दार उघडे असते, आतून हसण्याचा आवाज येतो. मला त्या वाटीच्या आसपास फिरकायची बंदी आहे. मी ओसरीवर संत्री सोलत बसतो.