सालदाराच्या कानांची किंमत कोण देणार?

शेतकऱ्यांच्या आरोग्याची चर्चा निघाली की सर्पदंश, फवारणीची विषबाधा आणि आत्महत्या यांपुढे ती सरकत नाही. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राच्या आवाजाने जाणारे कान कोणाच्याच यादीत नसतात. कारण हे कान बहुधा सातबाऱ्यावर नाव असलेल्या मालकाचे नसतात. ट्रॅक्टर मालकाचा, स्टिअरिंगवर सालदार. मळणी यंत्र मालकाचे, त्यात पेंढ्या सारणारा भूमिहीन मजूर. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 11.88 कोटी शेतकरी आणि 14.43 कोटी शेतमजूर नोंदले गेले. या मजुरांत आपला समाज किती, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको.

रोज आठ तास 85 डेसिबल ही कानाला सोसण्याची मर्यादा मानली जाते. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर भर कामात आवाज 90 च्या पुढे जातो. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी अशा आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात. घरातली बाई बोलते, लेकरू हाक मारते, ते कळत नाही. रात्री कानात घूंघूं चालते. गाव म्हणते, म्हातारपण आले! चाळिशीत कसले म्हातारपण?

हा रोग कायद्याला ठाऊक नाही असे नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टांत आवाजाने येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोगांत आले आणि ट्रॅक्टर वा अन्य यांत्रिक साधनांनी शेती करणारा मजूरही भरपाईस पात्र ठरला. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. मग भरपाई का मिळत नाही? मेख पुढे आहे. या रोगासाठी एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. आज या शेतात, उद्या त्या शेतात राबणारा रोजंदार तिथेच बाद होतो. सालदार मात्र पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एकाच घरी राबतो. अट तो पुरी करतो, पण सिद्ध कशाने करणार? करार तोंडी, उचल तोंडी, हजेरी मालकाच्या वहीत. कामाला लागताना कान कसे होते, याचाही पुरावा नाही. हक्क कायद्यात आहे, कागद मालकाच्या घरात आहे!

1947 मध्ये बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर हे भेदच राहू नयेत, अशी मागणी केली. ती मानली गेली असती तर सालदार मालकाच्या मेहरबानीवरचा गडी न राहता हक्काचा कामगार झाला असता. ती डावलण्याची किंमत आजही त्याचे शरीर मोजते आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पाडव्याला सालाचा लेखी करार व्हावा आणि त्याची प्रत मजुराच्या हाती असावी. हंगामाआधी आणि हंगामानंतर ग्रामीण रुग्णालयात कानांची मोफत तपासणी व्हावी. ट्रॅक्टर आणि मळणी यंत्राबरोबर कानाचे रक्षक देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. फुटका सायलेन्सर बदलणे ही मालकाची जबाबदारी ठरावी. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध कार्यक्रम 2007 पासून कागदावर आहे. तो शेतमजुरांच्या वस्तीपर्यंत यावा.

एक गोष्ट आपल्या घरचीही बोलली पाहिजे. गव्हाच्या मळणीचा हंगाम सरतो न सरतो तोच 14 एप्रिल येतो. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला तरुण रात्री डीजेच्या भिंतीपुढे उभा राहतो. थकलेल्या कानाला विसावा हाच पहिला उपचार, तोच आपण हिरावून घेतो. त्या वर्गणीतील थोडा भाग वस्तीतील मजुरांच्या कानतपासणीला गेला, तर ती जयंती बाबासाहेबांना अधिक शोभेल.

येत्या पाडव्याला प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने एवढे करावे : सालदाराशेजारी बसून करार लिहून घ्यावा. ट्रॅक्टर चालवणे हे काम त्यात स्पष्ट नोंदवावे. तो कागद सालदाराच्या घरी राहू द्यावा.