खिल आणि चिलखत

वागळे इस्टेटच्या परिसरातून मराठी विषय घेऊन आमच्या वर्गात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना दीर्घ कथानकाची पहिली गोडी कादंबरीने लावलेली नसते. ती लावलेली असते अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेमने. १ ऑगस्ट १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्मसोहळा याच वसाहतीत झाला. तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी आता संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. अशा ठिकाणची मुले पडद्यावरच्या एकेका कथेत शंभर-शंभर तास रमतात, यात नवल नाही. नवल वाटते ते आपणा मराठीच्या अध्यापकांच्या मौनाचे.

हे मौन जुनेच आहे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आपण सामाजिक आशयासाठी गौरवाने शिकवतो. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची मात्र ‘अद्भुतरम्य’ एवढ्या एका विशेषणावर बोळवण करतो. तोच निकाल गेमलाही लावून आपण मोकळे होतो. त्यातही ‘एक्सपान्शन’चे नाव काढले की आपला संशय बळावतो. मूळ खेळानंतर काही काळाने निघणारी, नवा प्रदेश आणि नवी पात्रे आणणारी ही विकतची पुरवणी. ती निव्वळ व्यापार आहे, असे म्हणणे सोपे आहे.

पण पुरवणी ही गोष्ट आपल्या परंपरेला परकी आहे काय? महाभारताच्या पर्वसंग्रहात हरिवंशाला ‘खिल’ म्हटले आहे. खिल म्हणजे मागाहून जोडलेला पूरक भाग. महाभारतातला कृष्ण आपल्यासमोर येतो तो प्रौढ, मुत्सद्दी यादव म्हणून; त्याच्या गोकुळातल्या बालपणाची सलग कथा हरिवंश सांगतो. मुळात राहिलेली जागा त्याने ओळखली आणि ती अशी भरली की मुळातल्या कृष्णाकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलली. आमच्या मते चांगल्या पुरवणीची कसोटी हीच.

ही कसोटी गेमला लावून पाहावी. सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथाविश्वावर बेतलेला ‘द विचर ३’ हा गेम २०१५ साली आला. त्याच्या आरंभी खानावळीत एक साधा दिसणारा फिरस्ता भेटतो, नायकाला थोडी मदत करतो आणि निघून जातो. त्याच वर्षी आलेल्या ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ या पुरवणीत कळते, की इच्छा पुरवून माणसांचे आत्मे गोळा करणारी भयंकर शक्ती ती हीच. मग खानावळीतला तो प्रसंग पूर्वीसारखा निरुपद्रवी राहत नाही. हे खिल झाले. उलट २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचे चिलखत वेगळे पैसे घेऊन विकले गेले. त्याने घोडा सजला. कथा जिथल्या तिथेच राहिली.

खिल आणि चिलखत यांतला हा फरक आमच्या विद्यार्थ्यांना उपजतच कळतो. मात्र तो सांगण्यासाठी त्यांच्याजवळ ‘भारी’ आणि ‘पैसे वाया’ याखेरीज शब्द नसतात. आपल्याजवळ ते आहेत: खिल, उपाख्यान, प्रक्षेप. ज्यांच्याजवळ अनुभव आहे त्यांना परिभाषा मिळत नाही, आणि ज्यांच्याजवळ परिभाषा आहे ते अनुभवाकडे पाठ फिरवतात. यात नुकसान दोघांचेही आहे.

गेममध्ये खेळणारा स्वतः निर्णय घेतो, तेव्हा ते वाचन नव्हेच, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. परंतु कीर्तनही वाचन नव्हे, आणि तरीही त्यातल्या आख्यानाची चर्चा आपण करतोच. अभ्यासक्रमात गेम घालावेत, असे आमचे म्हणणे नाही. आख्यान शिकवताना एखादा तास या उदाहरणांना द्यावा, इतकेच. पुरवणीने मूळ कथेला काय दिले, असे स्वतःच्या गेमविषयी विचारायला शिकलेला विद्यार्थी उद्या हरिवंशालाही तोच प्रश्न विचारील, आणि तो प्रश्न उसना नसेल.